मंडप, मुहूर्त आणि डीजेचा गाळा



या पानावर आम्ही आजवर बेण्याविषयी लिहिले, हुमणीविषयी लिहिले, आणि खोडव्यातील पाचट जाळू नका म्हणून तर इतक्यांदा लिहिले की काही मंडळी आम्हाला 'पाचटसाहेब' म्हणू लागली आहेत. आजचा विषय त्यांतला नाही. आजचा विषय डीजेचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाचा आणि डीजेचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, गेली चार-पाच वर्षे गट ऑफिसात तोडणीच्या चिठ्ठीसाठी आलेले सभासद चिठ्ठी खिशात घातल्यावरही जागचे हलत नाहीत. इकडेतिकडे बघतात आणि हळूच विचारतात, "साहेब, धाकट्याला डीजे घेऊन द्यावा म्हणतोय. कसं होईल?"

डीजे घ्यावा की न घ्यावा याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. ज्यांनी घेतले त्यांनी घेतलेच आहेत. एकेका गावात तीन-तीन, चार-चार संच झाले आहेत आणि त्यांतले बरेचसे उसाच्या बिलावर उभे आहेत. गावातली लग्ने काही त्या मानाने वाढली नाहीत. तेव्हा काम मिळवावयाचे तर गावाबाहेर पडणे आले. त्यासाठी हल्ली एक नवी वाट निघाली आहे, ती म्हणजे जिल्ह्याच्या गावी भरणारी लग्न-प्रदर्शने. दिवाळीच्या आगेमागे एखाद्या मोठ्या मंगल कार्यालयात किंवा हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवस असे प्रदर्शन भरते. शालू-पैठणीवाले, सराफ, फोटोवाले, केटरर, मेंदीवाल्या, पत्रिका छापणारे, फुलांची सजावट करणारे आणि डीजेवाले आपापला गाळा मांडून बसतात. ज्यांच्या घरी कार्य ठरले आहे ती मंडळी येऊन एका छपराखाली सगळी चौकशी करून जातात. आपण कृषी प्रदर्शनाला जातो, तसेच हे. तिथे ट्रॅक्टर, इथे वरात.

आमच्या गटातील एका सभासदाच्या मुलाबरोबर आम्ही अशा प्रदर्शनाला दोनदा जाऊन आलो. एकदा साफ तोंडावर पडलो, एकदा बरे चालले. नावे देत नाही. ज्यांना ओळखावयाचे ते ओळखतीलच. बापाला आपण आण्णा म्हणू.

आण्णांचे रान साडेचार एकर. त्यात दोन एकर आडसाली, जात को-८६०३२. माणूस कष्टाळू, लावण वेळेवर, पाण्याच्या पाळ्या नेमाने. थोरला मुलगा शेती बघतो. धाकटा आय.टी.आय. झालेला, वायरीच्या कामात हुशार, पण नोकरी नाही. २०२२ साली त्याने संच घेतला. सेकंडहँड पिकअप, चार बेस, चार टॉप, मिक्सर, दोन अॅम्प्लिफायर, जनरेटर आणि रंगीत दिव्यांचा जोड. थोडे पैसे पतसंस्थेचे होते. उरलेले आण्णांनी विकास सोसायटीच्या पीककर्जातून घातले. हे आम्हाला नंतर कळले. नंतर म्हणजे असे की, त्या वर्षी त्यांच्या आडसालीच्या बांधावर उभे राहिलो तेव्हा पाने पिवळट, कांडी आखूड. विचारले, "आण्णा, मोठ्या बांधणीला डोस टाकला न्हाई का?" आण्णा काही बोलले नाहीत. पिकअपकडे बघितले फक्त. ज्या रानाने आदल्या खेपेला एकरी ५४ टन दिले, त्याने त्या खेपेला ३७ टन दिले. डोसाचे पैसे बेसमध्ये गेले होते.

त्या पिकअपला पहिल्या हंगामात गावातली सात लग्ने मिळाली. त्यांतली तीन भावकीतली, म्हणजे पैसे सावकाशीने. तेव्हा २०२३ च्या ऑक्टोबरात आण्णा आमच्याकडे आले. म्हणाले, "साहेब, पोरगं जिल्ह्याला परदर्शनात गाळा घ्यायचा म्हणतंय. तुमी कारखान्याचा स्टॉल मांडता दरवर्षी. जरा संगं चला." आम्ही गेलो. आमचा सल्ला काय होता तेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आम्ही म्हणालो, मोठे दाखवा.

कृषी प्रदर्शनात आमचा अनुभव तोच होता. चाळीस कांड्यांचा ऊस उभा केला की गर्दी लोटते. लोक कांड्या मोजतात, उसाशेजारी उभे राहून फोटो काढतात. त्याच गाळ्यात माती परीक्षणाचे टेबल मांडलेले असते, तिकडे मात्र कोणी फिरकत नाही. हे आम्ही पंधरा वर्षे बघत आलो होतो, पण त्याचा अर्थ आम्हाला उमगला नव्हता. गर्दी झाली म्हणजे प्रदर्शन झाले अशीच आमची समजूत होती.

तर आम्ही दहा बाय दहा फुटांच्या गाळ्यात चारही बेस एकावर एक रचले. मागे झगमगीत फ्लेक्स. दोन माणसांना उभे राहावयाला जेमतेम जागा. डाव्या हाताला मेंदीवाली बाई, उजव्या हाताला फोटोवाले. सकाळी अकराला पोराने बटण दाबले. मेंदीवालीच्या टेबलावरचे कोन टेबलावरून चालत खाली पडले. अर्ध्या तासात आयोजकांचा माणूस आला, आवाज कमी करा म्हणाला. कमी केला. फोटोवाल्यांकडे गिऱ्हाईक बसले होते, त्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. पुन्हा माणूस आला. तिसऱ्या वेळी तो काही बोलला नाही, गाळ्याचा वीजपुरवठाच बंद करून गेला. त्यानंतर दोन दिवस आम्ही मुक्या बेसच्या भिंतीपुढे बसून होतो.

गर्दी मात्र झाली होती. कॉलेजची पोरे आली, मोबाईलवर चित्रण करून गेली. वहीत १४० नावे पडली. आण्णांचा पोरगा खुशीत होता. गाळ्याचे भाडे, डिझेल, फ्लेक्स, मदतनीस पोरांची जेवणे धरून २६ हजार रुपये गेले होते, पण १४० नावे म्हणजे काय चेष्टा आहे, असा त्याचा हिशेब. महिनाभराने त्याने फोन लावायला सुरुवात केली. कोणी म्हणाले, आम्ही सहज आलो होतो. कोणाचे लग्न होऊन गेले होते. काही नंबर चुकीचे लागले. एक जण तर दुसराच डीजेवाला निघाला, दर काढायला आलेला. १४० नावांतून सुपाऱ्या मिळाल्या दोन.

येथे आम्हाला आमचा धंदा आठवला. शेतकी खात्यात दरवर्षी उसाची नोंद होते. लावणीची तारीख, जात, सर्व्हे नंबर, क्षेत्र, सगळे रजिस्टरात चढते. नोंदीचा आकडा बघून हंगामाचा अंदाज बांधतात. पण नोंदलेला सगळा ऊस गव्हाणीत पडतो का? काही बेण्याला जातो, काही गुऱ्हाळाला, काही दुसऱ्या कारखान्याला, काही रानात वाळून जातो. नोंद झाली म्हणजे ऊस आला, असे जो शेती अधिकारी समजेल त्याची नोकरी फार दिवस टिकावयाची नाही. आणि तीच चूक आम्ही त्या पोराला करू दिली. वहीतली नावे ही नोंद. सुपारीचा इसार हातात पडला म्हणजे गाळप.

बरे, ती नोंद तरी धड होती का? नुसते नाव आणि मोबाईल नंबर. लग्न कोणाचे, कधी, कुठल्या गावी, काहीच नाही. लावणीची तारीख न लिहिता उसाची नोंद घेतली तर तोडणीचा प्रोग्रॅम काय डोंबल्याचा लावणार!

पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, पुन्हा जायचे ठरले तेव्हा आण्णा तयार नव्हते. "पंचवीस हजाराचं खत येतंय," म्हणाले. त्यांचे खोटे नव्हते. आम्ही मधला तोडगा काढला. निम्म्या भाड्याचा लहान गाळा घ्यावयाचा आणि बेस घरी ठेवावयाचे. पोराला हे पटेना. डीजेच्या गाळ्यावर डीजे नाही, तर लोक हसतील म्हणाला. शेवटी एक लहान स्पीकर, मिक्सर आणि दोन चांगले हेडफोन न्यावयाचे ठरले. ज्याला गाणी ऐकावयाची त्याने कानाला लावून ऐकावीत. शेजाऱ्याला त्रास नाही, आणि गिऱ्हाईक पाच मिनिटे खुर्चीवर बसते. बसलेल्या माणसाशी बोलता येते.

भिंतीवर फ्लेक्सऐवजी आम्ही पंचांग टांगले. यातच सगळी मेख आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

आपल्याकडे तुळशीची लग्ने लागली की मुहूर्त सुरू होतात. पौष लोक टाळतात. मग माघ-फाल्गुन, आणि चैत्र-वैशाखात नुसती झुंबड. आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो. काढीव मुहूर्त असतात, पण मोठे कार्य त्यावर करणारे थोडे. गुरू-शुक्राचा अस्त असला की आणखी दिवस गळतात. अधिक महिना आला तर तो पुरा महिना कोरडा. २०२६ चेच घ्या, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. ऐन हंगामातला महिना गेला, हप्ता मात्र काही अधिक महिना पाळीत नाही. तात्पर्य, वर्षाचे दिवस ३६५ असले तरी डीजेवाल्याच्या कामाचे दिवस पंचांगात मोजून मिळतात. आणि एका संचाला एका दिवशी एकच लग्न करता येते. फार तर आदल्या रात्रीची हळद, तीही जवळच्या गावची असली तर. दहा घरांना एकच तारीख हवी असते, आणि पुढचे आठ दिवस संच झाकून ठेवलेला असतो. तोडणीचे दुखणे यापेक्षा वेगळे आहे काय? सगळ्यांना आपला ऊस पहिल्या पंधरवड्यात तुटावयास हवा असतो, टोळ्या तर तेवढ्याच.

म्हणून पोराने पंचांगातले मुहूर्त मोठ्या कागदावर लिहून काढले आणि ज्या तारखा आधीच गेल्या होत्या त्यांवर लाल काट मारली. गाळ्यावर आलेले माणूस आधी त्या कागदाकडे बघे. आपली तारीख मोकळी दिसली की खुर्चीवर टेके. "तुमची तारीख कोणती?" हा पहिला प्रश्न. तारीखच ठरलेली नसेल त्याला चहा, नमस्कार आणि कार्ड. तारीख ठरलेली असेल त्याचीच वहीत नोंद. शेजारच्या ओळीतल्या एका गाळेवाल्याने पोराला कानमंत्र दिला, मोकळ्या तारखांवरही काट मार, म्हणजे गिऱ्हाईक घाई करते. पोरगा आमच्याकडे बघू लागला. आम्ही म्हणालो, खोटी नोंद आमच्या खात्यात चालत नाही, इथेही नको. काट मारलेल्या तारखेला तुझा पिकअप दारात उभा दिसला म्हणजे गावभर होईल.

वहीचे रकानेही बदलले. कार्याची तारीख, कार्य कोणते (हळद, लग्न, वरात की स्वागत समारंभ), गाव, कार्यालयाचे नाव की दारातला मांडव, माणसे किती, वीज आहे की जनरेटर लागेल, आणि शेवटचा रकाना 'ठरविणार कोण'. हा शेवटचा रकाना आम्ही घातला आणि त्याचा आम्हाला थोडा अभिमान आहे. आदल्या वर्षी आम्ही नवरदेवाच्या मित्रांना गिऱ्हाईक समजत होतो. नाचणारे ते, पण पैसे देणारे दुसरेच. बहुतेक घरांत नवरीची किंवा नवऱ्याची आई, नाहीतर मामा. मामाची संमती नसेल तर सुपारी परत जाते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पन्नाशीतल्या एक बाई आल्या, बरोबर त्यांचे भाऊ. पोरगा उत्साहाने दिव्यांचे सांगू लागला. बाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, "बाळा, मंगलाष्टका नीट ऐकू येतील का रे? थोरलीच्या लग्नात भटजी काय म्हणाले ते पहिल्या ओळीलासुद्धा कळलं नाही. नुसतं खरखरत होतं."

पोरगा गप्प झाला. मंगलाष्टकांचा माईक हा त्याच्या लेखी धंदाच नव्हता, ती फुकट द्यावयाची वस्तू. भाऊ म्हणाले, "आणि आमच्या वडिलांना छातीचं दुखणं आहे. ते मांडवात बसणार. मागं त्यांना उठून बाहेर न्यावं लागलं."

"किती वाजेपर्यंत वाजवता?" बाईंनी विचारले.

"धाला बंद, मावशी," पोराने सांगितले. "कायदाच हाय."

"मग लिहून दे."

पोराने दरपत्रकावर लिहून दिले. त्या घराची सुपारी तिथेच ठरली, इसारासकट. पुढच्या प्रत्येक दरपत्रकावर दोन ओळी छापूनच टाकल्या: मंगलाष्टकांसाठी व निवेदनासाठी दोन स्वतंत्र माईक, आणि रात्री १० वाजता यंत्र बंद. दुसरी ओळ वाचून काही तरुण मंडळी उठून गेली. जाऊ देत.

कायद्याचे काय ते येथेच सांगून टाकतो, कारण गाळ्यावर बसणाऱ्याला हे विचारतात आणि त्याला उत्तर यावयास हवे. ध्वनिप्रदूषणाचे केंद्र सरकारचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, ती घरच्या लग्नासाठी नव्हे. वस्तीच्या भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. बाजारपेठेत ६५ आणि ५५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये यावर सविस्तर निकाल दिलेला आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये.

डेसिबलचे गणित आपल्या एकरी टनाच्या गणितासारखे सरळ नसते. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दसपट होते. कानाला मात्र तो साधारण दुप्पट वाटतो, म्हणून फसगत होते. ८५ डेसिबलमध्ये माणसाने आठ तास काम करावे, ८८ मध्ये चार तास, ९१ मध्ये दोन. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. आपल्या मिल हाऊसमध्ये, टर्बाइनपाशी कामगारांना कानात घालावयास बोंडे दिली जातात ती याचसाठी. बेसच्या भिंतीपाशी उभी राहणारी मदतनीस पोरे अख्खी रात्र उघड्या कानांनी काढतात. आण्णांच्या पोराला आम्ही एकदा मागून हाक मारली, त्याने वळून बघितले नाही. बावीस वर्षांचे पोर. तिसऱ्या हाकेला वळला. आता त्याच्या पिकअपमध्ये बोंडांची डबी असते.

जाता जाता एक गंमत. आपल्याकडे या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. डॉल्बी हे एका अमेरिकन इंजिनियरचे आडनाव. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करणारे यंत्र बनविण्यासाठी. आवाजातला गोंगाट काढून टाकण्यात ज्याचा जन्म गेला, त्याचे नाव आपण कशाला दिले बघा!

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला पहिल्या वर्षी ठाऊक नव्हती. लग्नात, वरातीत, लग्नाच्या इतर समारंभांत रेकॉर्ड केलेली गाणी वाजविली तर कॉपीराइट कायद्याने सूट आहे. १९५७ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमातच ते आहे आणि जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने जाहीर सूचना काढून पुन्हा स्पष्ट केले आहे. पण प्रदर्शन म्हणजे लग्न नव्हे. तिथे गाळ्यावर गाणी वाजविणे हा व्यापाराचा भाग झाला आणि त्याला परवाना लागू शकतो. गाळा घेतानाच आयोजकांना विचारावे की तुम्ही परवाना काढला आहे काय, आणि काढला असल्यास त्याची प्रत बघावी. तसेच, पिकअपचा सांगाडा कापून, वेल्डिंग मारून त्यावर बेसचा मनोरा उभारलेला असतो, तो गाड्यांच्या मूळ रचनेत बदल या सदरात मोडतो आणि मोटार वाहन कायद्यात बसत नाही. अशी गाडी प्रदर्शनाच्या दारात उभी करून तिची जाहिरात करणे म्हणजे आपणच आपल्याला पकडून देणे.

असो. प्रदर्शन संपल्यावर वहीत ६१ नोंदी होत्या. आदल्या वर्षीच्या निम्म्याहूनही कमी. पोराचा चेहरा उतरला. आम्ही त्याला सांगितले, तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे, पडून राहिला की वजन जाते आणि उताराही जातो. ही नावेही तशीच. आठ दिवसांच्या आत प्रत्येक घरी जाऊन ये. फोन नव्हे, घरी. त्याने मोटारसायकलवर सात दिवसांत १९ घरे केली. ज्यांची तारीख जवळची ती आधी, दूरची नंतर. बाकीच्यांना फोन. काही ठिकाणी पाणी मिळाले, काही ठिकाणी जेवण, एका ठिकाणी कुत्रे अंगावर आले. त्यातून इसारासकट सुपाऱ्या झाल्या नऊ.

हिशेब पोराच्या वहीतून उतरवून घेतला आहे. गाळ्याचा सगळा खर्च या खेपेला १३ हजार. एका सुपारीचे सरासरी २२ हजार, त्यातून डिझेल, चार मदतनीस पोरांची मजुरी, जेवणखाण आणि मोडतोड जाऊन हातात १२ हजार. नऊ सुपाऱ्यांचे १ लाख ८ हजार. त्यातून गाळ्याचा खर्च वजा केला तर ९५ हजार. गावातली आणि पाहुण्यांतली कामे वेगळी. पतसंस्थेचे कर्ज अजून फिटलेले नाही, आणि २०२२ मध्ये सोसायटीचे जे थकले त्याचे व्याज आण्णांच्या उसाच्या बिलातून गेलेच. तेव्हा कोणी हे वाचून लगेच पिकअप बघायला निघू नये. बेस-टॉपला एकरी उतारा नसतो, आणि दरवर्षी नवे मॉडेल आले की जुन्याची किंमत खोडव्याच्याही खाली जाते.

मात्र ज्यांच्या घरी संच आहेच, त्यांना आमची एक विनंती आहे. पीककर्ज पिकात जाऊ द्या. डीजेचा हप्ता डीजेने भरावा. आण्णांच्या घरी २०२४ पासून हे दोन पैसे वेगळे झाले. धाकट्याची वही वेगळी, थोरल्याची वही वेगळी. पुढच्या लावणीला बांधणीचा डोस वेळेवर पडला. आम्ही प्लॉटवर उभे राहून बघितला.

त्या नऊ सुपाऱ्यांतली एक जवळजवळ हातची गेली होती. एप्रिलमधल्या एका तारखेला जादा पैसे देतो म्हणून दुसरे गिऱ्हाईक आले. पोराने हो म्हणण्याच्या बेतात फोन केला. दुसरा संच भाड्याने आणून दोन्ही कामे करतो म्हणाला. त्याच आठवड्यात शेजारच्या तालुक्यात एकाने अशीच दुहेरी सुपारी घेतली होती आणि भाड्याचा संच ऐन वेळी आला नाही. नवरदेव दोन तास घोड्यावर, शेवटी गावातली हलगी बोलावून वरात काढली. लोक म्हणतात वरात झकास झाली, पण डीजेवाल्याचा इसार तर गेलाच, वर मार खाण्याची वेळ आली. हे ऐकून पोराने दुसऱ्या गिऱ्हाइकाला गावातल्याच दुसऱ्या डीजेवाल्याचा नंबर दिला. त्या डीजेवाल्याने पुढच्या महिन्यात दोन कामे इकडे पाठविली. एका गावात चार संच असले की एकमेकांचे दर पाडण्यापेक्षा हे बरे. पुढील प्रदर्शनाला दोघे मिळून एकच गाळा घेणार आहेत, दोघांच्या तारखांचा कागद एकाशेजारी एक. म्हणजे एकाची तारीख गेली तरी खुर्चीवर बसलेले माणूस उठून जाणार नाही, आणि भाडे निम्मे.

वहीच्या रकान्यांचा नमुना आणि दरपत्रकाची एक प्रत आम्ही गट ऑफिसात ठेवली आहे. ज्यांना हवी त्यांनी स्लिपबॉयकडे मागून उतरवून घ्यावी. प्रत एकच आहे, ती घरी नेऊ नये. आणि तोडणीच्या चिठ्ठीसाठी येताना लग्नाची तारीख असल्यास आधी सांगावी. मागल्या हंगामात आण्णांची टोळी नेमकी पोराच्या सुपारीच्या दिवशी आली. थोरला एकटा फडात आणि धाकटा बेस चढवीत, दोघेही आमच्या नावाने बोटे मोडीत होते.